मुरूम, बिबा आणि मेडिकलवरची ट्यूब

आमच्या भागात मुरूम म्हटलं की आधी ग्रामपंचायतीनं रस्त्यावर टाकलेला मुरूम आठवतो. तोंडावरच्या मुरमांना कुणी फोड म्हणतं, कुणी पुटकुळ्या, तर कॉलेजातली पोरं पिंपल. ‘यावर घरी काय काय लावून पाहिलं?’ असं मागच्या वेळी मी वाचकांना विचारलं होतं. उत्तरांत लिंबू, सोडा, टूथपेस्ट, हळद, मध, कोरफड, चुना, बिबा आणि रुचकीचा, म्हणजे रुईचा, चीकसुद्धा आला. दोन पत्रं वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

उत्तरांआधी एक गोष्ट. वयात येताना हार्मोन्समुळे त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त काम करू लागतात. केसाच्या मुळाशी असलेलं छिद्र मेलेल्या पेशींनी बुजतं, आत तेल साठतं, त्यावर जंतू वाढतात आणि मग सूज येते. आज दिसणारा फोड आत कित्येक आठवड्यांपूर्वीच सुरू झालेला असतो. म्हणून कुठल्याही उपायाचा खरा हिशेब ८ ते १२ आठवड्यांनी करायचा. आलेल्या पत्रांत एका उपायाला सरासरी चार दिवस मिळालेले दिसतात. कपाशी पेरून पाचव्या दिवशी बोंडं शोधायला कुणी वावरात जात नाही.

प्रश्न : मोबाइलवर पाहून लिंबाच्या रसात खायचा सोडा कालवून आठवडाभर लावला. फोड थोडे बसले, पण गालावर काळे चट्टे पडले. आता संत्र्याच्या सालीची पावडर लावू का? घरचीच बाग आहे. (विद्यार्थिनी, वरुड)

नको लावू, ताई. वरुडच्या माणसाला संत्र्याचं वावडं सांगायला मलाही बरं वाटत नाही. संत्रं खा, साल मात्र चेहऱ्यावर घासू नकोस. वाळवून कुटलेल्या सालीचे कण कितीही चाळले तरी खरबरीतच राहतात. सुजलेल्या फोडावर ते फिरवणं म्हणजे जखमेवर काथ्या घासणं.

तुझ्या गालावर काय झालं ते सांगतो. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, तिचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण ५ च्या आसपास. आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त. लिंबाचा रस २ च्या जवळ, सोडा ८ च्या वर. दोन्ही एकत्र केले की फसफसतं आणि काहीतरी जोरदार घडतंय असं वाटतं. प्रत्यक्षात जे जास्त पडलं ते त्वचेला चावतं आणि तिचं वरचं संरक्षक आवरण निघतं. शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात काही द्रव्यं अशी असतात की ती अंगावर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे काळा डाग राहतो. वरुडचं ऊन कसं असतं ते मी तुला सांगायची गरज नाही.

आता दोन आठवडे काहीच प्रयोग करू नकोस. सौम्य फेसवॉश, साधं बिनसुवासाचं मॉइश्चरायझर आणि दिवसा एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, एवढंच. सावळ्या त्वचेवरचे असे डाग हळूहळू फिके होतात, पण त्याला काही महिने लागतात. घासून ते लवकर जात नाहीत, उलट गडद होतात.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा आहे. रात्री फोडांवर टूथपेस्ट लावून झोपतो, सकाळी फोड सुकलेला दिसतो. चालेल का? (आई, पुसद)

चालणार नाही. फोड सुकतो, पण सोबत भोवतीची कातडीही सुकते. पेस्टमधला फेस करणारा पदार्थ आणि पुदिन्याचा अर्क चेहऱ्यासाठी नसतो. काही मुलांना त्यानं तोंडाभोवती लाल बारीक पुरळ उठतं आणि आई समजते की मुरूम वाढले. ती पेस्ट दातांनाच राहू द्या.

प्रश्न : आजीनं सुईच्या टोकानं हनुवटीवरच्या मोठ्या फोडाला बिब्याचं तेल लावलं. दुसऱ्या दिवशी अख्खी हनुवटी सुजली, पाण्याचे फोड आले. आजी म्हणते, ‘बाप्पा, बिबा उतला, आता आतली घाण निघून राह्यली.’ खरं आहे का? (वय २२, वाशीम जिल्हा)

आजीचा हात वाकडा नव्हता, औषध वाकडं होतं. आपल्याकडे भेगांना, काट्याला, दुखऱ्या सांध्याला बिबा लावायची जुनी चाल आहे. बिबा फोडून काढलेली गोडंबी आपण आवडीनं खातोही. पण गोडंबीवरच्या टरफलात जे काळं तेल असतं ते त्वचेचं कट्टर शत्रू. धोबी पूर्वी कपड्यांवर त्याचीच खूण करत, कारण ती धुऊन जात नसे. जे कापडावरून जात नाही ते गालावरून कसं जाईल?

काजू आणि आंबा बिब्याच्याच कुळातले. काजूच्या टरफलातलं तेल आणि आंब्याचा चीकही म्हणूनच अंगावर उततो. बिब्याची प्रतिक्रिया कधी लगेच येते, कधी एक-दोन दिवसांनी, आणि एकदा अंगाला त्याची ॲलर्जी जडली की पुढच्या वेळी थोड्याशा तेलानंही जोरात उतते. तेव्हा ‘घाण निघतेय’ हे खरं नाही. तो रसायनानं झालेला भाजल्याचा घाव आहे. पाण्याचे फोड फोडू नकोस, त्यावर हळद-चुना काही लावू नकोस, आणि सूज डोळ्याकडे सरकली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. एरवीही दोन दिवसांत डॉक्टरांना दाखव, कारण हनुवटीवर डाग राहायची भीती आहे. पुढे कधी चुकून तेल लागलंच तर लगेच साबण आणि भरपूर पाण्यानं धुवायचं.

दुसऱ्या एका पत्रात रुचकीच्या चिकाचं विचारलंय, तेही इथेच उरकतो. चेहऱ्याजवळ तो चीक नकोच. हाताला लागलेला चीक डोळ्यात गेला तर डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा खराब होतो. पहिल्या काही तासांत दुखणं कमी असतं, म्हणून माणूस गाफील राहतो आणि नजर धूसर झाल्यावर पळतो. गेलाच तर १५ ते २० मिनिटं स्वच्छ पाण्यानं डोळा धूत राहायचं आणि नेत्रतज्ज्ञाकडे जायचं.

प्रश्न : आमच्या वायगावच्या हळदीला सरकारनं मानांकन दिलंय. मग कडुलिंब, हळद, मध, मुलतानी मातीचा लेप काहून चालत नाही? तुम्ही डॉक्टर लोक गावठी म्हटलं की नाकच मुरडता. (समुद्रपूर)

मुरडत नाही. वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा मलाही तुमच्याइतकाच आनंद आहे. माझ्या घरच्या वरणात तीच पडते. पण मानांकन हे हळद कुठली आणि कशी आहे ते सांगतं. ती फोडावर किती चालते, हा प्रश्न वेगळा.

हळदीतलं कर्क्युमिन आणि कडुलिंबाचा अर्क प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जंतूंना आवरतात, यात वाद नाही. पण बशीत जंतू उघडे पडलेले असतात, चेहऱ्यावर ते तेलानं बुजलेल्या छिद्राच्या तळाशी. लेप वरून वाळतो आणि पाण्यानं वाहून जातो. म्हणून घरच्या लेपाकडून फार अपेक्षा ठेवू नका. आठवड्यातून एकदा, कमी वेळ, घरी कुटलेल्या हळदीचा पातळ लेप लावायला माझी हरकत नाही. खाज सुटली किंवा काळसर पडलं तर मात्र थांबा, हळदीचीही ॲलर्जी काहींना असते. बाजारातली सुटी, डोळ्यात भरणारी पिवळीधमक पूड चेहऱ्यावर नको. तिला रंगासाठी शिशाचं लेड क्रोमेट लावल्याची प्रकरणं सापडली आहेत.

मुलतानी माती तेल ओढून घेते, त्यानं तासभर चेहरा कोरडा वाटतो, बस. ती वाळून तडकेपर्यंत ठेवू नका. मधाचं म्हणाल तर न्यूझीलंडमध्ये १३६ जणांवर १२ आठवडे तपासून पाहिलं, अहवाल २०१६ साली आला. जंतुनाशक साबणासोबत तिथल्या कानुका झुडपाच्या मधाचं औषध लावलेल्यांत आणि नुसता साबण वापरलेल्यांत फरक पडला नाही. आपला मेळघाटचा मध भाकरीवर जास्त कामाचा.

कोरफड त्यातल्या त्यात बरी. पान कापल्यावर सालीलगत पिवळा चीक येतो, तो नीट निथळू द्यायचा, कारण खाज त्यानंच सुटते. आतला पारदर्शक गर त्वचेला थंडावा देतो. फोड घालवण्याचं काम तो एकटा करत नाही, पण औषधानं चेहरा कोरडा पडला असेल तर सोबतीला चांगला.

प्रश्न : टी ट्री ऑइलबद्दल बरंच ऐकलं. ऑनलाइन बाटली मागवली आहे. थेट लावायचं का? (शिक्षिका, कुरखेडा)

मॅडम, टी ट्री हे ऑस्ट्रेलियातलं एक झाड, त्याच्या पानांचं हे तेल. या पत्रांतला हा एकच पर्यायी उपाय असा आहे की ज्याच्या बाजूनं मी दोन शब्द बोलेन. ऑस्ट्रेलियात १९९० साली १२४ जणांवर ५ टक्के टी ट्री ऑइलचं जेल आणि ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड हे मुरमांचं नेहमीचं औषध यांची तुलना झाली. दोन्हींनी मुरूम कमी झाले. तेलाचा गुण उशिरा आला, पण जळजळ कमी झाली.

आता त्यातला ‘५ टक्के’ हा आकडा विसरू नका. तुमच्या बाटलीत बहुधा १०० टक्के तेल आहे. ते थेट लावलंत तर चेहरा जळेल. एका थेंबाला कोरफडीच्या तयार जेलचे साधारण १९ थेंब, असं प्रमाण पडतं. पण घरी ते चोख जमत नाही, म्हणून तयार जेलच घ्यावं असं माझं मत. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. बाटली उघडून बरेच महिने झाले असतील तर फेकून द्या, जुनं तेल हवेनं बिघडतं आणि त्याची ॲलर्जी जास्त येते. पोटात अजिबात जाऊ देऊ नका, लेकरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

आणि त्या तुलनेतलं दुसरं औषध, बेंझॉइल पेरॉक्साइड, आपल्याकडच्या मेडिकलवर मिळतं. २.५ टक्क्यांचं पुरतं, जास्त टक्क्यांनी जळजळच वाढते. रात्री पातळ थर लावायचा. एक सूचना जी दुकानदार देत नाही : ते कापडाचा रंग उडवतं. उशीला जुना पांढरा अभ्रा घाला, आणि लुगड्याच्या पदरानं तोंड पुसू नका.

प्रश्न : मेडिकलवाल्या भाऊनं एक ट्यूब दिली. आठ दिवसांत चेहरा गोरा आणि साफ झाला. आता बंद केली की दुप्पट फोड येतात आणि उन्हात तोंड लालबुंद होतं. तीन महिने झाले. माझं लग्न जुळलं आहे. (वय २४, यवतमाळ जिल्हा)

बिब्याच्या पत्रापेक्षा मला या पत्राची जास्त काळजी वाटली. बिबा निदान दुसऱ्या दिवशी खरं रूप दाखवतो.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाच, किंवा तिचा फोटो काढून डॉक्टरांना दाखव. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यातलं एखादं नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. त्यानं सूज आणि लाली दबते, रंग उजळतो, म्हणून पहिले आठ दिवस जादू वाटते. मग त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, गालावर लव वाढते, आणि खुद्द स्टिरॉइडमुळेच एकसारखे बारीक फोड येतात. ते दाबायला माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. २०१८ पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं मनाई आहे. तरी गावात ती चॉकलेटसारखी मिळतात. दुकानदार भाऊ वाईट असेल असं नाही. समोरच्याला लवकर गुण हवा असतो आणि तो गुण त्याच्या कपाटात असतो.

स्वतःच्या मनानं एकदम बंद करून घाबरून पुन्हा सुरू करू नकोस. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, ते ट्यूब कशी सोडायची आणि मधल्या काळात काय लावायचं ते सांगतील. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ओपीडी आहे, सेवाग्रामचं रुग्णालयही लांब नाही. मधले काही आठवडे चेहरा भडकेल, हे आधीच सांगून ठेवतो. लग्नाची तारीख पुढे ढकलण्याचं काही कारण नाही. हळदीच्या दिवशी मात्र चेहऱ्याला हळद नावापुरती लावा म्हणावं, उटणं नको.

ब्युटी पार्लरमधून मिळणाऱ्या बिनलेबलच्या गोरेपणाच्या क्रीमबद्दलही लिहितोच. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघांच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर ते वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. डबीवर कंपनी, घटक आणि तारीख नसेल तर ती डबी घरात आणू नका.

प्रश्न : आम्ही खारपाणपट्ट्यातले. बोअरच्या पाण्यानं मुरूम येतात का? (दर्यापूर)

पाण्यानं मुरूम येत नाहीत. पण खाऱ्या, जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, म्हणून माणूस साबण जास्त घासतो, त्याचा थर त्वचेवर बसतो आणि चेहरा ओढल्यासारखा होतो. चेहऱ्यापुरता साबण सोडा, सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा पुरे. उन्हाळ्यात तोंडाला बांधायचा दुपट्टा सुती ठेवा आणि रोज धुवा, घामट दुपट्टा घासून हनुवटीवर फोड येतात. डोक्याला चपचपीत खोबरेल लावून झोपणाऱ्यांचं कपाळ बारीक पुटकुळ्यांनी भरतं. तेल लावायचं तर नहायच्या तासभर आधी.

प्रश्न : मला तिसरा महिना आहे. नणंदेची मुरमांवरची अडापालिनची ट्यूब घरात आहे, लावू का? (मूर्तिजापूर)

नको. अडापालिन आणि त्या जातीची औषधं गरोदरपणात टाळतात. मुरमांच्या गोळ्यांना तर हातही लावू नका, त्यातल्या आयसोट्रेटिनोइननं बाळात गंभीर व्यंग येतं. अझेलाइक ॲसिडचं जेल गरोदरपणात वापरता येतं, पण तुमच्या डॉक्टरांना विचारून. आणि नणंदबाईंनाही सांगा, वाटाण्याएवढं औषध रात्री अख्ख्या चेहऱ्याला लावायचं असतं, नुसतं फोडावर टिंब द्यायचं नसतं. त्यांची ट्यूब गुण देत नाही अशी त्यांची तक्रार तुमच्याच पत्रात खाली लिहिली आहे, म्हणून सांगितलं.