चहातली साखर बंद केली, तरी गाठ तेवढीच

प्रश्न : बाबांना घशाचा कॅन्सर आहे. तासगावहून रोज मिरजेला शेक (रेडिएशन) द्यायला नेतो, ३५ पैकी १८ झाले तरी गाठ हाताला लागतेच. भावकीतले म्हणाले कॅन्सर साखरेवर वाढतो, म्हणून चहा, गूळ, बेदाणे सगळं बंद केलंय, पंधरा दिवसांत ४ किलो उतरलेत. आता द्राक्षाची छाटणी आलीय, तीन-चार दिवस शेक चुकले तर चालतील का?

उत्तर : नाही चालणार दादा. छाटणीला दुसरं कुणीतरी बघा.

शेक म्हटलं की वाटतं गाठ भाजून निघते. तसं नसतं, किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो पण पेशी लगेच मरत नाही, ती जगते, खाते-पिते, आणि एकीच्या दोन व्हायला जाते तेव्हा बहुतेक वेळा मरते. त्यामुळे १८ शेकांनी गाठ हाताला लागतेय म्हणून घाबरू नका, शेक संपल्यावरही ती काही आठवडे बारीक होत राहते. पेट स्कॅन, म्हणजे कॅन्सर उरलाय का ते बघायची तपासणी, तीसुद्धा म्हणून साधारण १२ आठवडे थांबून करतात, कारण त्यात साखरेसारखं औषध टोचतात आणि शेकाने सुजलेला भागही ते ओढून घेतो.

साखरेची गोष्ट मात्र अगदीच हवेतली नाही हं. ओटो वारबुर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच दाखवलं होतं की कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखर आंबवल्यासारखी वापरतात, आणि भरपूर वापरतात. पण ती साखर त्यांना रक्तातून मिळते, आणि गोड बंद केलं तरी लिव्हर रक्तातली साखर फार खाली जाऊ देत नाही, वेळ पडली तर अंगातले स्नायू मोडून बनवतं. म्हणजे गाठीचं जेवण चालूच आणि बाबांचे दंड बारीक! वर ४ किलो उतरले की शेकाच्या वेळी तोंडावर बसवतात तो जाळीचा मास्क सैल पडतो आणि नेम हलतो, तेव्हा वजनाचं आजच डॉक्टरांना सांगा.

खरा खेळ ऑक्सिजनचा आहे. गाठीच्या आत रक्त नीट पोचत नाही, आणि ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला अडीच-तीन पट डोस लागतो. रोज थोडा थोडा शेक दिला की बाहेरच्या मरतात, आतल्यांना हवा मिळते आणि त्या पुढच्या शेकात सापडतात. मधे खंड पडला तर उरलेल्या परत वाढतात, चौथ्या आठवड्यानंतर तर जास्तच जोरात. शनिवार-रविवारची सुट्टी हिशोबात धरलेली असते, छाटणी नसते. तंबाखू चालू असेल तर तीही आजपासून बंद, आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, गाठीपर्यंत ऑक्सिजन तेच पोचवतं.

शुगरचा त्रास नसेल तर चहा साखर घालून द्या, फक्त कोमट करून, घसा सोलवटलेला असतो. बेदाणे भिजवून मिक्सरला लावा. भाजीतली हळद राहू दे, सांगलीकरांना ती काय सुटणार, पण हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.