आजीला मारून टाकणारा मुलगा

“मॅडम, पोरगं हाताबाहेर गेलंय. तोंड उघडलं की खोटं. बोर्डिंगात टाकू का?” वडील खुर्चीत नीट टेकलेही नव्हते. आठवीतल्या मुलाने तीन दिवस शाळा बुडवून वर्गशिक्षकांना सांगितलं होतं, आजी वारली. आजी घरी भाजी निवडत बसलेली.

असे पालक समुपदेशनाला आले की मला आंत्वान आठवतो. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्या १९५९ सालच्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ या चित्रपटातला, पॅरिसच्या छोट्याशा घरातला मुलगा. शाळा बुडवून भटकताना त्याला आई परक्या माणसाच्या मिठीत दिसते. दुसऱ्या दिवशी सर कारण विचारतात, तो सांगून टाकतो, आई वारली. खोटं उघडं पडतं आणि भर वर्गात वडिलांची थप्पड बसते. पुढे वडिलांच्या ऑफिसातला टाइपरायटर चोरतो. पकडला जातो तो मात्र परत ठेवायला गेल्यावर! वडील, खरं तर सावत्र, स्वतःच त्याला पोलिसांकडे नेतात.

सुधारगृहात एक मानसशास्त्रज्ञ त्याच्याशी बोलते. ती आपल्याला दिसतच नाही, फक्त आवाज. कॅमेरा मुलावरून हलत नाही. तू सारखा खोटं बोलतोस म्हणे, असं ती विचारते. तो म्हणतो, कधीकधी बोलतो. खरं सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसला नसता. हा प्रसंग मी कितीदा पाहिला असेल! समुपदेशकाने एवढंच करायचं असतं, विचारायचं आणि समोरून हलायचं नाही.

त्रुफो यांनी हे भोगलं होतं. त्यांनाही सावत्र वडिलांनी पोलिसांच्या हवाली केलं होतं. आंद्रे बाझां या समीक्षकाने त्यांना आधार दिला, सोडवून आणलं. चित्रपट बाझां यांनाच अर्पण केला आहे.

मी वडिलांना बाहेर बसवलं. मुलगा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “गणितात नापास झालो ते खरं सांगितलं होतं. पट्ट्याने मारलं.” ते तीन दिवस त्याने एसटी स्टँडवर काढले होते.

वडिलांना मी स्पष्ट सांगितलं, बोर्डिंग वाईट नसतं, पण शिक्षा म्हणून धाडलेल्या मुलाला ती हकालपट्टीच वाटते. महिनाभर एवढंच करा. त्याने स्वतःहून सांगितलेल्या खऱ्याला मार नाही. नुकसान केलं तर भरपाई त्याने करायची. शाळेत खरं सांगायला तो जाईल तेव्हा तुम्ही शेजारी उभे राहा.

“आणि राग आला तर?”

“राग येणारच. हात आवरायचा.”

तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. पोराने शेजाऱ्यांच्या गाडीचा आरसा फोडला होता आणि आपणहून येऊन सांगितलं होतं.

“मी हात खिशात घालून उभा राहिलो, मॅडम. मग दोघं मिळून शेजाऱ्यांकडे गेलो.”