लॅपटॉपमध्ये सीएमबॅट.सिस नावाची फाईल दिसली म्हणून घाबरू नकोस

ती फाईल डिलीट करू नकोस. सीएमबॅट.सिस हा विंडोजचाच बॅटरी ड्रायव्हर आहे, म्हणजे विंडोजला बॅटरीशी जोडणारा छोटा प्रोग्राम. तिची जागा सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये. डाउनलोड्समध्ये वगैरे सापडली, तर मात्र लगेच अँटिव्हायरसने स्कॅन कर.

चार्जर लावूनही बॅटरीच्या चिन्हावर 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' येतंय ना? आधी चार्जिंगवर ८० टक्क्यांची मर्यादा लावलेली नाही ना, ते बघ. नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीजखालची 'एसीपीआय-कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी' ही याच ड्रायव्हरची नोंद अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट कर. ड्रायव्हर आपोआप परत बसतो. माझ्या जुन्या लॅपटॉपचं चार्जिंग एवढ्यानेच सुरू झालं होतं.

तरीही अडलं तर कमांड प्रॉम्प्टमधून पॉवरसीएफजी या विंडोजच्या कमांडने बॅटरी रिपोर्ट काढ. त्यात मूळ क्षमता ५०,००० मिलिवॅट-अवर आणि फुल चार्ज जेमतेम २०,००० दिसत असेल, तर ड्रायव्हरचा दोष नाही, बॅटरीच दमलीय. ड्रायव्हर अपडेट करून देणाऱ्या विकतच्या प्रोग्रामवर पैसे घालवू नकोस.