'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी' वाचून मला हसूच आलं नाही. वर्गात प्रत्येकाने प्रतिक्रिया सांगायची आहे. मी काय सांगू?

हसू आलं नाही, हेच सांगा. खरं तर माझं उत्तर इथेच संपतं. पण तुमच्या प्रश्नाने माझी एक जुनी खपली निघाली आहे, त्यामुळे आता पुढचंही ऐकून घ्या.

आमच्या वर्गालाही हेच पुस्तक होतं, डग्लस अ‍ॅडम्सची ही विनोदी विज्ञान-कादंबरी. कॉलेजचं पहिलं वर्ष, साहित्याचा तास. प्रत्येकाने पाच मिनिटं उभं राहून पुस्तक कसं वाटलं ते सांगायचं, त्याला १० गुण. मी ते दोन रात्रींत संपवलं होतं. पहिल्याच प्रकरणात माझी वाट लागली. आर्थर डेंट सकाळी उठतो तर दारात बुलडोझर, त्याचं घर पाडून बायपास न्यायचाय. तो चिखलात आडवा पडतो. प्रॉसर नावाचा अधिकारी त्याला समजावतो की बाबा रे, आराखडा नऊ महिने ऑफिसात लावलेला होता, हरकत तेव्हाच घ्यायची. लावला कुठे होता, तर तळघरात. तिथे दिवे नाहीत, जिनाही नाही. वापरात नसलेल्या संडासात कोंबलेलं एक कुलूपबंद कपाट, त्याच्या तळाशी तो आराखडा, आणि दारावर पाटी की आत बिबट्या आहे, सावधान. रात्री दीड वाजता मी उशीत तोंड खुपसून हसत होतो. शेवटी शेजारच्या खोलीतून विचारणा झाली, बरा आहेस ना म्हणून.

आणि वर्गात उभं राहून मी काय म्हणालो? "या कादंबरीत लेखकाने अफाट विश्वापुढे मानवाचं क्षुद्रत्व अधोरेखित केलं आहे." शप्पथ. बिबट्याचं नावसुद्धा काढलं नाही. आपण हसलो हे सांगायचं कसं तेच कळेना, आणि सर 'अधोरेखित' छापाच्या वाक्यांवर खूश होतात हे सगळ्या वर्गाला पाठ होतं. १० पैकी ८ मिळाले.

माझ्यानंतर माझा मित्र उठला. (तो अजूनही मित्र आहे आणि हे उत्तर वाचणार आहे, म्हणून जपून लिहितोय. फार जपून नाही.) त्याने फळ्यावर मोठ्ठं ४२ काढलं. डीप थॉट हा महासंगणक ७५ लाख वर्षं विचार करून आयुष्याचं, विश्वाचं आणि सगळ्याचंच उत्तर म्हणून ४२ देतो, ते तुम्ही वाचलंच असेल. मित्राने त्याचा असा काही पिसारा फुलवला की विचारू नका. संगणकाच्या आस्की संकेतात ४२ म्हणजे तारकाचिन्ह, आणि तारका म्हणजे 'काहीही चालेल', म्हणजे आयुष्याचा अर्थ काहीही! मग पुढच्या भागातला घोळ, तिथे ४२ चा प्रश्न 'सहा गुणिले नऊ किती' असा निघतो, आणि तो दहाऐवजी तेराच्या पायावर मोजला तर बरोब्बर ४२ येतो! टाळ्या पडल्या. साडेनऊ गुण.

यातली गणितं बरोबर आहेत, मी करून पाहिलीत. पण डग्लस अ‍ॅडम्सने स्वतः १९९३ साली इंटरनेटवरच्या एका चर्चेत या सगळ्यावर पाणी ओतून ठेवलंय. तो एक विनोद होता, एखादा साधा, लहानसा आकडा हवा होता, बागेकडे बघता बघता ४२ सुचला, चालेल म्हटलं आणि लिहून टाकला, असं त्याचं म्हणणं. तेराचा पाया वगैरे सगळं निव्वळ थोतांड. विनोद असा आहे की प्रश्न नीट न विचारता लोक ७५ लाख वर्षं उत्तराची वाट बघत बसले. त्यावर वर्गात पाच मिनिटं उत्तराचा अर्थ लावत बसायचं म्हणजे त्याच रांगेत जाऊन उभं राहणं झालं. हे मी मित्राला इतकी वर्षं सांगतोय.

पण मला सांगायचंय ते तिसऱ्या व्यक्तीबद्दल. मागच्या बाकावरची एक मुलगी, वर्षभरात वर्गात फारशी बोललेली नव्हती. ती उठली आणि म्हणाली, "मला हे पुस्तक विनोदी वाटलं नाही. पहिलं प्रकरण वाचून मी आठवडाभर ते उघडलंच नाही."

सरांनी कारण विचारलं.

"आमचं घर रस्तारुंदीत गेलं."

वर्ग गप्प. मला माझी उशी आठवली.

ती मात्र थांबली नाही. "नोटीस आम्हालाही लावली होती म्हणे. ऑफिसातल्या फलकावर. बाबा तीनदा जाऊन आले. तिथे बिबट्या नव्हता, शिपाई होता. साहेब जेवायला गेलेत म्हणायचा."

यावर वर्ग फुटलाच. तीही जरा हसली. मग म्हणाली, "पुढे ते परग्रहवासी व्होगॉन पृथ्वी पाडायला येतात, तेव्हा त्यांचा तो कप्तान तेच बोलतो जे प्रॉसर बोलला होता. आराखडे अल्फा सेंटॉरीच्या ऑफिसात ५० वर्षं लावलेले होते, आता ओरडून उपयोग नाही. चारच प्रकाशवर्षं तर लांब आहे! तिथे मात्र मला हसू आलं. कारण तिथे सगळ्यांचंच घर गेलं."

सर म्हणाले, "ठीक आहे, पण हे तुझ्याविषयी झालं. पुस्तकाविषयी काय?" तिने खांदे उडवले आणि खाली बसली. गुण ५.

मी तेव्हा काहीच बोललो नाही. बोलायला हवं होतं, कारण एकच विनोद आधी एका घरावर आणि मग सबंध ग्रहावर केलाय, मधे फक्त माप बदललंय, हे अख्ख्या वर्गात तिला एकटीलाच दिसलं होतं. मी ती दोन्ही प्रकरणं एकाच रात्री वाचली होती आणि मला ते दिसलं नव्हतं. अल्फा सेंटॉरीवाल्या वाक्यावर मी हसलोही होतो, पण ते ओळखीचं का वाटतंय याचा विचार केला नव्हता. दुसऱ्याचं घर पडताना फार हसणाऱ्याला असं होत असावं.

मित्राचं म्हणणं अजूनही सरांसारखंच आहे. आपली दुःखं पुस्तकावर लादायची नसतात. उद्या कोणी उठून म्हणेल की कानात घातला की कुठलीही भाषा कळायला लागते तो बेबल फिश वाचून मला आमच्या टाकीतला मासा आठवला, तर तीही प्रतिक्रियाच म्हणायची का? त्याच्या या मुद्द्यात थोडा दम आहे, कबूल. मासा आठवला एवढंच सांगून खाली बसलात तर ती प्रतिक्रिया नव्हे, ती आठवण. पण मी एक साधी कसोटी लावतो: हे बोलणं पुस्तक न वाचता करता आलं असतं का? माझं 'मानवाचं क्षुद्रत्व' आलं असतं, मागच्या कव्हरवरचा मजकूर पुरेसा होता. मित्राचं ४२ तर आलंच असतं, त्याला पुस्तकाची गरजच नव्हती. तिचं बोलणं आलं नसतं. दोन प्रकरणांतली दोन वाक्यं शेजारी ठेवायची तर ती वाचलेली असावी लागतात, आणि बारकाईने वाचलेली असावी लागतात.

मित्राने पुस्तक पूर्ण वाचलंय यावर माझा विश्वास नाही. मी त्याला कितीदा विचारलंय की आर्थरच्या जागी प्रॉसर स्वतःच बुलडोझरपुढे चिखलात आडवा पडतो, ते आर्थरचा मित्र फोर्ड याने त्याला कसं पटवलं तेवढं सांग. वाचणाऱ्याला ते विसरता येणार नाही. तो दर वेळी विषय बदलतो.

असो. तुमच्याकडे वळतो.

'हसू आलं नाही' म्हणून थांबू नका, ते कुठे आलं नाही ते शोधा. असं एखादं पान काढा जिथे लेखक हसवायला बघतोय हे तुम्हाला कळतंय आणि तरी तुमचा चेहरा हललेला नाही. वर्गात तेच पान मोठ्याने वाचा. मोठ्याने हे मुद्दाम सांगतोय. ही गोष्ट आधी पुस्तक नव्हतीच. ८ मार्च १९७८ ला ती बीबीसी रेडिओ ४ वर नभोनाट्य म्हणून सुरू झाली, कादंबरी आली १९७९ मध्ये. कथेत 'गाइड' नावाचं प्रवाशांसाठीचं एक पुस्तक आहे, त्यातल्या सगळ्या नोंदी एका निर्विकार, सरकारी आवाजात ऐकवण्यासाठी लिहिलेल्या आहेत. पृथ्वीबद्दल गाइडमध्ये एकच शब्द असतो, 'निरुपद्रवी'. फोर्ड हा परग्रहावरून आलेला गाइडचा वार्ताहर, तो १५ वर्षं इथे अडकून माहिती गोळा करतो आणि सुधारित नोंद होते, 'बहुतांशी निरुपद्रवी'. हे मनात वाचलं तर पटकन सरकून जातं. कोणी गंभीर चेहऱ्याने वाचून दाखवलं तर वर्गातले निम्मे हसतात. उरलेले निम्मे का हसले नाहीत, यावरच तुमची पाच मिनिटं सहज निघतील.

कथेला शेंडा ना बुडखा, अशी तक्रार असेल तर तीही बिनदिक्कत करा. पहिल्या पुस्तकात साधारण रेडिओच्या पहिल्या चार भागांचाच मजकूर आहे, आणि शेवट तर अक्षरशः तोडलेला आहे. लिखाण इतकं रखडलं की प्रकाशकांनी सांगितलं, आहे ते पान पुरं करा आणि देऊन टाका. हे अ‍ॅडम्सनेच सांगून ठेवलंय. पात्रं सपाट वाटली तर तेही म्हणा, मलाही वाटतात. ट्रिलियन या स्त्रीपात्राला तर लेखकाने फारसं काही करूच दिलेलं नाही.

फक्त 'विनोद काय, ज्याचा त्याचा' हे वाक्य तोंडातून काढू नका. त्यानंतर कोणालाच काही बोलता येत नाही आणि तास मरतो. आणि आवडलेला विनोद समजावून सांगत बसू नका. तोही मरतो.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एक, तुमचे सर आमच्या सरांसारखे असतील तर खरं बोलून गुण कमी होतील. गुण हवेतच असतील तर सुरुवातीला एक 'अधोरेखित' टाका आणि मग हवं ते बोला. दुसरं, त्या मुलीने स्वतःहून सांगितलं म्हणून तुम्हीही घरचं काही सांगायला हवं असं अजिबात नाही. ती धीट होती, आणि त्या धीटपणाचे तिला ५ गुण मिळाले. तिसरं म्हणजे, मी हे पुस्तक तेव्हा निम्मंअर्धं समजून वाचलं होतं. व्होगॉन कविता विश्वातली तिसऱ्या क्रमांकाची वाईट कविता आहे यावर मी हसलो ते सगळे हसले म्हणून. त्यामुळे तुम्हाला हसू आलं नसेल तर कदाचित तुम्ही माझ्यापेक्षा प्रामाणिकपणे वाचलंय, किंवा कदाचित परीक्षेच्या आदल्या रात्री घाईत वाचलंय. ते तुमचं तुम्हालाच माहीत.

दरवर्षी २५ मे आला की मित्र खांद्यावर टॉवेल टाकून काढलेला फोटो पाठवतो. (आकाशगंगेत भटकणाऱ्याकडे टॉवेल हवाच, असं गाइडचं म्हणणं.) अ‍ॅडम्स ११ मे २००१ ला गेला, त्यानंतर दोन आठवड्यांनी त्याच्या चाहत्यांनी पहिला टॉवेल दिन पाळला, तोच हा दिवस. यंदा फोटोखाली मी नेहमीप्रमाणे विचारलं, प्रॉसर चिखलात कसा आडवा पडला? दोन निळ्या टिका आल्या. उत्तर अजून यायचंय.