एकक बदलताना क्षेत्रफळ विसरू नकोस

कोकमाच्या सोलर ड्रायरसाठी उन्हाच्या तीव्रतेचे आकडे जुळवतोयस ना, तर आधी सगळं वॅट प्रति चौरस मीटरमध्ये आण. जुन्या कागदांवर बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश एकक) प्रति तास प्रति चौरस फूट असतं, आणि चूक इथेच होते. बीटीयू प्रति तासाचे वॅट करायला लोक 0.293 ने गुणतात आणि थांबतात. अरे, खाली फूट तसाच राहिला! एक चौरस फूट म्हणजे 0.0929 चौरस मीटर, त्याने भागायलाच हवं. दोन्ही मिळून गुणक 3.155.

मी एकदा 250 बीटीयूचा आकडा वॅट समजून वाचला. खरे होते 789. ऊन कमी पडेल म्हणून तिप्पट काच बसवली. आमसुलं वरून करपली, आत ओलीच. त्या सालांचा वास अजून आठवतो.

किलोकॅलरी प्रति तास प्रति चौरस मीटरला क्षेत्रफळाची भानगड नाही, सरळ 1.163 ने गुण.

उत्तर आलं की अंगणात बघ. मे महिन्यात मालवणात भर दुपारी, आभाळ मोकळं असताना, चौरस मीटरला 800 ते 1000 वॅट येतात. तुझं उत्तर अडीच हजार आलं तर गणित पुन्हा मांड.