अलंकार आधी की कविता आधी?

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. माझे विद्यार्थी अलंकारांच्या व्याख्या बिनचूक म्हणतात, उपमेय-उपमानही ओळखतात; परंतु न शिकवलेली कविता समोर ठेवून ‘ही ओळ तुम्हाला का आवडली?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. रसग्रहणातही बहुतेक जण ‘कवीने सुंदर शब्दांत वर्णन केले आहे’ एवढेच लिहितात. गुणांचे नुकसान न होऊ देता यातून मार्ग कसा काढावा? – एक शिक्षिका

उत्तर : व्याख्या पाठ असणे हा दोष नाही, त्या कवितेच्या आधी फळ्यावर येतात, अडचण तिथे आहे. व्याख्या अगोदर हाती पडली की मूल कवितेत शिरते ते हरवलेली वस्तू शोधायला शिरल्यासारखे, आणि ‘सारखे’ किंवा ‘जणू’ सापडताच बाहेर पडते. म्हणून आधी परिणाम जाणवू द्यावा आणि त्याला नाव नंतर द्यावे.

सुरुवात कवितेनेच व्हावी असे नाही. पावसाळ्यात सांगलीतील आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी आपल्या भागातील प्रत्येक घरात विचारली जाते. ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे आकडे मुलांनाही ठाऊक असतात. फळ्यावर एक वाक्य लिहावे : ‘पाणी ४५ फुटांवर गेले.’ त्याखाली दुसरे लिहावे : ‘कृष्णामाई उंबऱ्याशी आली, ओटी घेऊन परतली.’ दोन्ही वाक्ये पुराचीच आहेत. मग विचारावे, कोणत्या वाक्यात भीती अधिक आहे? पहिल्यात, असे म्हणणारी मुले निघतील आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, कारण आकडा धोका नेमका सांगतो. दुसऱ्या वाक्यात मात्र भीतीच्या जोडीला नाते आहे, मानपान आहे आणि ती ऐकून माघारी जाईल ही आशाही आहे. एवढी चर्चा झाल्यावर ‘अचेतन नदीला सजीवासारखे वागवणे म्हणजे चेतनगुणोक्ती’ असे सांगितले, तर व्याख्येला धरायला काहीतरी असते.

साम्यावर आधारलेले अलंकार वेगवेगळ्या उदाहरणांनी शिकवण्याऐवजी एकच चित्र बदलत न्यावे. ‘कृष्णेचे संथ पाणी आरशासारखे दिसते’ ही उपमा. ‘पाणी जणू आरसाच’ ही उत्प्रेक्षा. ‘हे पाणी नव्हे, हा तर आरसा’ ही अपन्हुती. ‘आरशाहूनही निर्मळ पाणी’ हा व्यतिरेक. उपमेत पाणी आणि आरसा शेजारी उभे आहेत, उत्प्रेक्षेत मन क्षणभर फसू पाहते, अपन्हुतीत पाणी चक्क नाकारले जाते, व्यतिरेकात ते आरशावर मात करते. यानंतर ‘पाण्याच्या आरशात घाट आपले रूप न्याहाळतो’ हे वाक्य द्यावे. पाणी आणि आरसा एकच मानले म्हणून काही मुले रूपक म्हणतील, काही चेतनगुणोक्ती म्हणतील आणि दोघांचेही बरोबर असेल. एका ओळीत एकच अलंकार असतो हा समज मार्गदर्शक पुस्तकांमधील रिकाम्या जागांनी पसरवला आहे, तो अशाच वादात मोडतो.

परीक्षेसाठी इतकेच पुरे, की रसग्रहणातील काव्यसौंदर्य लिहिताना प्रत्येक विद्यार्थ्याने एक ओळ निवडावी, तिच्यातील अलंकार काढून तीच गोष्ट मनाशी साध्या शब्दांत मांडावी आणि काय कमी झाले ते उत्तरात लिहावे. ‘सुंदर शब्दांत वर्णन’ हे वाक्य वर्गात सरळ बंद करावे. त्याला आपल्या चाचणीत गुणच देऊ नयेत.

प्रश्न : आमची मुलगी साताऱ्यात नववीत आहे. अर्थ समजल्यावर कविता पाठ करण्याची गरज नाही, असे ती म्हणते. शिवाय लघु-गुरू (आखूड आणि लांब उच्चाराची अक्षरे) आणि गण (तीन-तीन अक्षरांचे गट) तिला गणितासारखे वाटतात. – एक पालक

उत्तर : पाठांतराची गरज आहे, आणि वृत्त, म्हणजे कवितेची ठरलेली लय, समजण्यासाठी तर त्याला पर्याय नाही. सज्जनगड आपल्या इतका जवळ असताना उदाहरण दूर शोधायला नको. समर्थ रामदासांची ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ ही ओळ तिला मोठ्याने म्हणू द्यावी आणि जिथे आवाज रेंगाळतो तिथे टाळी वाजवायला सांगावी. एक अक्षर मोकळे, दोन टाळ्या, असा क्रम चार वेळा येईल. लघु, गुरू, गुरू म्हणजे ‘य’ गण. असे चार ‘य’ गण, म्हणजे बारा अक्षरे, की भुजंगप्रयात हे वृत्त झाले. ‘सज्जना’मधील ‘स’ ऱ्हस्व असूनही गुरू का, हे जोडाक्षराचा आघात तिच्या कानाने टिपल्यावरच सांगावे.

मात्र हे करताना मोबाईलवरची चाल लावू नये, कारण चालीत अक्षरे हवी तशी ताणली जातात आणि मूळ लय झाकली जाते. अभंगाला तर गण लावूच नयेत. तिथे अक्षरे मोजायची असतात. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो, तर यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांच्या शेवटी येते.