वाचकांचे प्रश्न : फी माफ झाली, राहण्या-जेवणाचे काय?

प्रश्न : आम्ही बार्शी तालुक्यातील अडीच एकरांचे कोरडवाहू शेतकरी आहोत. मुलीला कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून पुण्यातील एका खासगी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीला जागा मिळाली आहे. दुसऱ्या एका अधिक नावाजलेल्या महाविद्यालयाने मॅनेजमेंट कोट्यातील जागा देऊ केली असून, ‘मुलींना सगळीकडे फी माफ आहे, आत्ता भरा, मागाहून परत मिळेल’ असे तेथील माणूस सांगतो. आमच्याकडे एसईबीसीचा (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गाचा) दाखला आहे. कोणती जागा घ्यावी? राहण्या-जेवणाचा खर्च कसा भागवावा?
— एक पालक, बार्शी

उत्तर : कॅपची जागा सोडू नका. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्वीच्या ५० टक्क्यांऐवजी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काचा १०० टक्के लाभ मिळतो. हा लाभ केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशालाच आहे. मॅनेजमेंट कोटा, खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यात बसत नाहीत. ‘मागाहून परत मिळेल’ हे वाक्य लेखी मागून पाहा, म्हणजे त्याची किंमत तिथल्या तिथे कळेल.

मात्र माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे, पावतीवरील प्रत्येक ओळीची नाही. शुल्क नियामक प्राधिकरण महाविद्यालयाची जी फी ठरवून देते, तिच्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग असतात व विकास शुल्क तुम्हालाच भरावे लागते. त्याखेरीज अनामत, वसतिगृह आणि बस यांच्या रकमा वेगळ्या. म्हणून प्रवेशाआधी महाविद्यालयाकडून फीची तपशीलवार फोड मागून घ्यावी.

राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना पाहा. ती अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे आणि अडीच एकर म्हणजे तुम्ही अल्पभूधारक आहातच. तसा दाखला व सातबारा काढून ठेवा. फीची योजना आणि हा भत्ता या दोन्हींचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर स्वतंत्रपणे भरावे लागतात. पहिला भरला की दुसरा आपोआप भरला जाईल असे समजून अनेक जण भत्त्याला मुकतात. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहेही आहेत. १९५५ पासून ही संस्था खेड्यांतून आलेल्या गरजू मुलामुलींची राहण्या-जेवणाची सोय अल्प खर्चात करीत आली आहे. तेथील प्रवेश मुलाखतीने होतात, त्यामुळे कॉलेज सुरू होण्याची वाट न पाहता चौकशी करा.

कागदांपैकी उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. तलाठ्याचा अहवाल ही त्याची पहिली पायरी, तेवढ्यावर भागत नाही. एसईबीसीच्या दाखल्याबरोबर नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रही चालू मुदतीचे असू द्या.

एक बारीक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पैसे तिथेच अडकतात. शिष्यवृत्तीची रक्कम अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर येत नाही, तर मुलीच्या आधारशी जे खाते जोडलेले असेल त्यावर येते. माझ्या ओळखीची एक मुलगी वर्षभर बँकेत पासबुक भरून आणत होती आणि दर वेळी शिल्लक तीच. शेवटी उलगडा झाला तो असा, की सिमकार्ड घेताना दुकानदाराने तिचा अंगठा घेऊन मोबाइलवरचे एक खाते उघडले होते, आधार तिथे जोडला गेला होता आणि सगळे हप्ते तिथे सुखरूप पडून होते. तेव्हा मुलीला बँकेत पाठवा आणि ‘खाते आधारला लिंक आहे का’ एवढेच न विचारता ‘सरकारी अनुदान याच खात्यात येईल ना’ असे विचारायला सांगा.

प्रश्न : मुलाच्या शिक्षणासाठी ६ लाखांचे कर्ज हवे आहे. बँक शेतजमीन तारण मागते. ते योग्य आहे का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : नाही. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या पत हमी योजनेचे (कर्ज थकल्यास बँकेला दिलेल्या हमीचे) पाठबळ मिळत असल्याने तेवढ्यासाठी जमिनीला हात लावण्याचे कारण उरत नाही. तोंडी चर्चेत वेळ घालवू नका. अर्ज पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा, म्हणजे त्याची नोंद राहते, आणि नकार आलाच तर कारण लेखी मागा. ‘तुमचे गाव आमच्या शाखेच्या हद्दीत नाही’ हे कारण रिझर्व्ह बँकेला मान्य नाही.

कर्जाचा आकडा मात्र नीट मांडून पाहा. चार वर्षे दर वर्षी दीड लाख उचलले, व्याज सरळ १० टक्के धरले आणि शिक्षणानंतर हप्ते सुरू होण्याआधी एक वर्षाची सवलत घेतली, तर पहिल्या उचलीवर पाच वर्षांचे ७५ हजार, पुढच्यांवर अनुक्रमे ६०, ४५ आणि ३० हजार असे २ लाख १० हजार व्याज चढते. म्हणजे हप्ते ६ लाखांवर नव्हे, तर ८ लाख १० हजारांवर सुरू होतात. घरातून महिन्याला थोडेफार व्याज भरत राहिलात तर हे ओझे तेवढे हलके होते. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक वा व्यावसायिक असून मान्यताप्राप्त संस्थेत असेल, तर या काळातले व्याज केंद्र सरकार भरते. त्यासाठीचा उत्पन्नाचा दाखला मुदतीत देण्याची खबरदारी तुम्हीच घ्यायची आहे. शाखेतून कोणी आठवण करून देईल ही आशा धरू नये.

प्रश्न : मी बारावी विज्ञान चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो असून बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आहे. अभियांत्रिकीला जाणाऱ्यांनाच मदत मिळते का?
— एक विद्यार्थी, गडहिंग्लज

उत्तर : तसे नाही. बारावीच्या मंडळात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असाल आणि घरचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर केंद्रीय शिष्यवृत्तीचा अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर करा. पदवीच्या तिन्ही वर्षी १२ हजार रुपये मिळतात. दर वर्षी नूतनीकरण करावे लागते आणि दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही मिळत नाही. शिवाय तुमच्या महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे का, हे विद्यार्थी कल्याण विभागात विचारा. ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत दिवसाकाठी दोन-तीन तास काम केल्यावर मिळणाऱ्या पैशात खोलीचे भाडे निघणार नाही, पण मेसच्या खर्चाला हातभार लागेल.